मालवणचा प्रवाळ वाचवायचा, तर मच्छीमाराच्या पोटाचं काय? कोल्हापूरकरांशी बोलायचंय

पंचगंगाकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

दिवाळी उरकली की करूळ, फोंडा, आंबोली, जो घाट मोकळा असेल तो धरून आपलं निम्मं कोल्हापूर मालवण-तारकर्लीला उतरतं. किल्ला, स्कुबा, सुरमई थाळी, रविवारी रात्री घरी. पाण्याखाली आपण जे बघायला जातो तो सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा प्रवाळ आणि त्याच्या आसऱ्याला असलेले मासे.

याच भागात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. दुसरीकडे अभ्यासक सांगतात, प्रवाळ गेला तर मासाही जाईल. जगभरात समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्याच्या आधाराने जगतात, आणि कोट्यवधी गरीब माणसांचं जेवण त्यावर चालतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रवाळ राखताना त्यावर जगणाऱ्यालाच बाहेर काढलं जातंय का? आणि आपण जे पैसे मोजून तिथे डुबकी मारतो, त्याने काही सावरतंय की मोडतंय? तिथले कुणी इथे असतील तर जरूर लिहा.

तांबडा_पांढरा | ९:५२

भावा, ताटात सुरमई वाढलीय आणि समोर तुझा धागा. आधी वाचतो, मग जेवतो. विषय एक नंबर.

शिरोळचा_शेतकरी | १०:०५

आधी एक सांगा. प्रवाळ म्हंजे दगूड, झाड का जनावर? आमच्या पोरानं शाळेत तिन्ही उत्तरं ऐकल्यात.

जीवशास्त्राच्या_बाई | १०:३१

शेतकरीदादा, जनावरच. अगदी बारीक, मऊ अंगाचे जीव हजारोंच्या वसाहतीने राहतात आणि अंगाखाली चुन्याचा सांगाडा घालत जातात. आपल्याला दिसतो तो दगड म्हणजे हा सांगाडा. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. रंगही बराचसा त्याचाच. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखादा अंश चढलं आणि काही आठवडे उतरलंच नाही, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी पडतो. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतो.

१९९८, २०१०, २०१५-१६ या साली जगभर हे मोठ्या प्रमाणावर झालं. चौथी जागतिक लाट एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. मालवणलाही गेल्या दहा-बारा वर्षांत प्रवाळ पांढरा पडल्याच्या नोंदी आहेत. गोलसर दगडासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे घागरीएवढा गोळा तुमच्या-माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे बसलेला असतो.

शिरोळचा_शेतकरी | १०:४४

म्हंजे अर्धेलीनं शेत लावल्यागत झालं की. जागा प्रवाळाची, कष्ट शैवालाचं, पीक वाटून. कूळ निघून गेलं की मालक उपाशी. समजलं बाई, आता पोराला सांगतो.

राजारामपुरीची_रेवती | १०:५०

मग मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं याच खडकातून काढतात का? सासूबाईंनी मला नुकतंच करून दिलंय, म्हणून विचारते.

गुजरीतला_सराफ | ११:१५

ताई, नाही. दागिन्यातलं लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येतं. ती वेगळी जात, खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढते, तिच्यात ते शैवाल नसतं. इटलीतलं तोर्रे देल ग्रेको हे गाव त्या कामासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. आपल्या किनाऱ्यावरचा खडकासारखा प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तो तोडणं, विकणं, घरी आणून शोकेसमध्ये ठेवणं, सगळा गुन्हा. मात्र लाल पोवळंही फार सावकाश वाढतं आणि त्याचाही उपसा खूप झालाय. आमच्या पेढीवर गिऱ्हाईक आलं की मी हे सांगतो. बाजारात निम्मा माल काचेचा नाहीतर रंगवलेला असतो, हेही सांगतो.

रानवाटा_कागल | ११:३८

मूळ प्रश्नावर माझं मत सरळ आहे. गाभ्यात कुणीच जायला नको, जाळंही नको, स्कुबाही नको. दाजीपूरच्या जंगलात आपण मोळी तोडायला परवानगी देतो का? समुद्र दिसत नाही म्हणून तिथे सगळ्यांना मोकळीक, हे पटत नाही. तीन-साडेतीन चौरस किलोमीटर सोडून द्यायला काय हरकत आहे?

मालवणी_पोर | रविवार, सकाळी ७:२०

मी मालवणचो. शिक्षणाक कोल्हापुरात होतंय, आता परत गावाक. सगळ्यांना समजावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

रानवाटाभाऊ, ३.१८ हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण आमची छोटी होडी पहाटे निघून जिथे जाते तो भाग नेमका हाच. किल्ल्याभोवतीची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, आणि त्यांच्यामधली वाळू. मोठी बोट वीस वाव खोल पाण्यात जाते, आमची बिनइंजिनाची पात तिकडे कशी जाणार? १९८७ साली अभयारण्य झालं तेव्हा वाड्यावाड्यांत बसून कुणी विचारलं नाही, हे आमच्याकडची जुनी माणसं आजही सांगतात. विरोध माशाला किंवा प्रवाळाला नव्हता. न विचारता ओढलेल्या रेषेला होता.

आता रापण कशी असते ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांनी फक्त फोटोत बघितली असेल. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग दोन्ही बाजूंना माणसं कमरेला दोर लावून उलट पावली ओढत मागे सरकतात. मागच्या टोकाला पोचलेला दोर सोडून पळत पुढे पाण्याशी येतो आणि परत धरतो. तास-दोन तास हे चालतं. जाळं किनाऱ्याला लागलं की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ज्या घरात आता ओढायला कुणी उरलं नाही त्या घराच्या नावानेही काही ठिकाणी वाटा काढायची रीत आहे. हा आमचा मासेमारीचा धंदा, आणि हेच आमचं पेन्शन.

ही रापण कुणी मोडली? प्रवाळावर पाय देणाऱ्यांनी नाही. मोठ्या ट्रॉलर्सनी, भल्यामोठ्या गोल जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांनी आणि रात्री एलईडी दिवे लावून मासा गोळा करणाऱ्यांनी. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात. छोट्या माणसाला प्रवाळाचा धडा द्यायचा आणि मोठ्याला रान मोकळं, हे आमका कसां पटतलां?

तांबडा_पांढरा | ८:०५

वाटे पाडायची ती रीत वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडं सुगीला बलुतं द्यायचे तसलं काहीतरी आजोबा सांगायचे.

जीवशास्त्राच्या_बाई | ९:१०

मालवणी_पोर, फार मनापासून लिहिलंत. एक बारकावा मांडते, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. रापणीत मुख्यतः लागतो तो बांगडा आणि तारली. हे उघड्या पाण्यात थव्याने फिरणारे मासे, त्यांचं येणं-जाणं प्रवाळापेक्षा पावसावर, प्रवाहांवर आणि बाहेर किती उपसा झाला त्यावर जास्त अवलंबून. प्रवाळ आणि खडपांवर जगतात ते गोबरा, तांबोशी, शेवंड, खेकडे. म्हणजे गळाने आणि लहान जाळ्याने खडपात मासेमारी करणाऱ्याचं पोट प्रवाळाशी थेट बांधलेलं आहे, रापणकाराचं तितकं नाही. धागाकर्त्याच्या प्रश्नातले हे दोन मच्छीमार वेगळे आहेत आणि दोघांना मारणारी कारणंही वेगळी आहेत.

शिवाय मालवणचा प्रवाळ तुकड्यातुकड्यांचा आहे. लक्षद्वीपसारखी सलग भिंत नाही. चांगली भिंत लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खाते, हे जगभरच्या मोजमापांतून निघालंय, पण तो आकडा मालवणला लावू नये. तिथे त्याचं मोल माशांच्या पिल्लांचा आसरा म्हणून आणि आता पर्यटन म्हणून.

मालवणी_पोर | ९:२५

बरोबर बोललात बाई. माझा काका गळवाला आणि वडील रापणीत, दोघांच्या तक्रारी घरात वेगवेगळ्याच ऐकू येतात.

कायद्याचं_बोला | ९:४८

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-अ मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याचे पुरेसे उपाय आधी करायचे. ही तरतूद १९९१ च्या दुरुस्तीतून आली, मालवणचं अभयारण्य त्याआधीचं. म्हणून तिथल्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे. 'मच्छीमार विरुद्ध कायदा' अशी मांडणी मात्र चुकीची. कायद्यातच त्यांच्या बाजूचं वाक्य आहे, ते हातात घेऊन बोलायला हवं.

देवबागची_लेक | ११:०२

माझं माहेर देवबाग, सासर कोल्हापूर. इतका वेळ सगळे होडीवरच्या पुरुषांबद्दल बोलताय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे ओहोटी लागली की बायका खाडीत आणि खडपात उतरतात. कालवं काढायला. गुडघाभर पाणी, पदर खोचलेला, हातात छोटं टोकदार लोखंड. खडकाला चिकटलेल्या शिंपेचं वरचं झाकण नेमक्या जागी टोचून उचकटायचं आणि आतला गर वाटीत काढायचा. एक वाटी भरायला किती वेळ जातो ते काढणाऱ्या बाईलाच ठाऊक. शिंपेची धार सुरीसारखी, माझ्या आईच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा अजून आहेत. त्या वाटीवर आमची वह्या-पुस्तकं आली. तिला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही, परवाना लागत नाही. म्हणूनच ती सगळ्यात गरीब घराची कमाई. आणि म्हणूनच कुठल्याही सर्व्हेत, कुठल्याही नुकसानभरपाईत ती दिसत नाही. बोटीचा नंबर असतो, वाटीला कुठला नंबर?

किनारा बंद करा म्हणताना या बायकांना कुणी विचारत नाही. विचारलं तर त्याच सांगतील कुठल्या खडपात यंदा हात घालू नये. आई आणि तिच्या मैत्रिणी बारक्या शिंपा सोडूनच द्यायच्या.

चांगलंही सांगते. सिंधुदुर्गात २०११ ते २०१७ सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा सागरी जैवविविधतेचा एक प्रकल्प होता. त्यातून खेकडेपालन, खाडीत कालवं वाढवणं, वेंगुर्ल्याला महिला बचत गटाची कांदळवनातून होडीची सफर, अशी कामं उभी राहिली. कांदळवन सफरीत होडी वल्हवणाऱ्या आणि माहिती सांगणाऱ्या बायका बघा एकदा. कोल्हापूरकरांनी स्कुबाबरोबर तिकडेही जावं.

राजारामपुरीची_रेवती | ११:२०

ताई, "वाटीला कुठला नंबर" हे मी वहीत लिहून ठेवलं.

फिरस्ती_नागाळा | १२:१५

देवबागच्या ताईंनी लिहिलं तसंच दूर मादागास्करला घडलंय. नैऋत्य किनाऱ्यावर अंदावादोआका नावाचं गाव आहे. तिथल्या बायका ओहोटीला प्रवाळाच्या सपाटीवर चालत जाऊन बिळातले ऑक्टोपस भाल्याने काढतात. २००४ मध्ये गावाने एका भागात काही महिने ऑक्टोपस काढणं बंद ठेवलं. हा प्राणी फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे उघडल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाले, वजन जास्त, पैसे जास्त. शेजारच्या गावांनी बघितलं आणि स्वतःहून सुरू केलं. पुढे त्याच गावांनी मिळून काही भाग कायमचे राखले. आधी हातात काहीतरी पडलं, मग विश्वास बसला.

दुसरं उदाहरण फिलिपिन्समधलं आपो बेट. १९८२ मध्ये गावकऱ्यांनी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांशी बोलून प्रवाळाचा थोडासाच भाग मासेमारीला बंद केला, राखण गावकऱ्यांचीच. काही वर्षांत आत मासा वाढला आणि बाहेर पकड सुधारली. पर्यटक आले, त्यांच्याकडून शुल्क घेतलं जाऊ लागलं.

रानवाटा_कागल | १२:४०

म्हणजे बंद केल्यावरच फायदा झाला ना? माझं म्हणणं तेच आहे.

फिरस्ती_नागाळा | १२:५८

बंद केल्यावर झाला, पण बंद कुणी केलं ते बघा. आपोमध्ये १९९४ साली बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात गेलं, कारभार गावाच्या हातून मंडळाकडे गेला आणि शुल्काचे पैसे कसे व कधी परत मिळणार यावरून गावकरी नाराज झाले. तोच प्रवाळ, तीच माणसं. शिवाय २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये लागोपाठ दोन वादळांनी त्या राखीव भागातला प्रवाळ मोडून टाकला. राखलं म्हणून सगळं टिकतंच असंही नाही. टिकतं ते राखणारं गाव, जे पुन्हा सुरुवात करू शकतं.

रानवाटा_कागल | १:१०

हे वादळाचं माहीत नव्हतं. विचार करतो. तरी काही जागा पूर्ण शांत हव्यातच, यावर मी ठाम आहे. ती जागा गावाने ठरवली तर माझी काहीच हरकत नाही.

पेन्शनर_ताराबाई_पार्क | ३:३०

नोकरीत असताना तमिळनाडूत होतो, म्हणून मन्नारच्या आखाताबद्दल लिहितो. तिथे पांबनपासून तूतुकुडीपर्यंत २१ बेटांची रांग, सगळीकडे प्रवाळ. तिथे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी अनेक दशकं प्रवाळ फोडून नेला. फोडणारे मजूर गरीबच, पण माल जायचा भट्ट्यांना आणि कारखान्यांना. त्या उपशाने आणि धुपीने विलंगुचल्ली आणि पूवरसनपट्टी ही दोन बेटं पाण्याखाली गेली. मग बंदी आली, आणि तिचा काच सोसला त्या मजुरांनी. दगड फोडणाऱ्याला दुसरं काम न देता नुसती बंदी घातली की रात्रीचं फोडणं सुरू होतं, असं तिथले लोक मला सांगायचे.

शिरोळचा_शेतकरी | ४:१५

आमच्या साखर कारखान्याचं सांडपाणी आणि शेतातलं खत त्या मालवणच्या प्रवाळापर्यंत जात असंल का? पंचगंगेचा फेस बघून वाईट वाटतं, म्हणून इचारतो.

जीवशास्त्राच्या_बाई | ४:४०

दादा, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला जाते. मालवणला नाही. पंचगंगा वाचवायची ती आपल्यासाठी आणि खालच्या गावांसाठी.

मात्र घाटाच्या पलीकडचं पाणी तिकडेच जातं. करूळ घाटाखालचं वाघोटण नदीतून विजयदुर्गच्या खाडीत, मालवणच्या आजूबाजूला गड आणि कर्ली नद्यांचं. डोंगर उघडे पडले, रस्त्याची माती ओढ्यात ढकलली की पावसात तांबडं पाणी समुद्रात येतं. गाळ बसला की प्रवाळाला ऊन मिळत नाही आणि तुमचं अर्धेलीचं कूळ उपाशी. मालवणचे प्रवाळ गढूळ पाणी बरंच सोसणाऱ्या जातींचे आहेत, पण सोसण्यालाही हद्द असते. ताप जागतिक आहे, तो मालवणच्या हातात नाही. गाळ, नांगर, तुटकी जाळी, सांडपाणी हे हातात आहे. हे कमी असेल तिथे तापानंतर सावरायला वाव राहतो.

गाडीवाला_मंगळवार_पेठ | ६:०५

मी टूरच्या गाड्या करतो, म्हणून एक खरं सांगतो. मालवणात उतरल्या उतरल्या आपलं गिऱ्हाईक पहिलं काय करतं? "शेजारचा दोनशे कमी म्हणतोय" म्हणून घासाघीस. बोटवाला दर पाडतो. मग तो दिवसात जास्त फेऱ्या मारून वसूल करतो. एका फेरीला माणसं जास्त, शिकवणं कमी, घाई. पोहता न येणाऱ्या माणसाला घाबरल्यावर पाय टेकायला जागा लागते आणि खाली प्रवाळ असतो. व्हिडिओत मासे दिसावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात. हे सगळे बोटवाले करतात असं नाही, पण मी बघितलंय. स्वस्तातली डुबकी कुणाच्या तरी अंगावर पडते, एवढं मला गाडी चालवता चालवता कळलंय.

तांबडा_पांढरा | ६:२०

थाळीत जादा सोलकढी फुकट मागणारे पण आपलेच, मीही त्यातच. आता डुबकीच्या दरात तरी घासाघीस करणार नाही, शब्द देतो.

पंचगंगाकाठ | रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा 'प्रवाळ की मच्छीमार' अशी दोन बाजूंची तुलना डोक्यात होती. बाईंनी रापण आणि गळ वेगळे काढले, ताईंनी वाटी समोर ठेवली, आता मला तिथे निदान चार वेगळी माणसं दिसतात: रापण ओढणारा, खडपात गळ टाकणारा, कालवं काढणारी आणि पर्यटकाला डुबकी देणारा. बऱ्याचदा एकाच घरातली. त्यांना एकत्र बसवून कुठली जागा किती महिने शांत ठेवायची हे ठरवायला दिलं, आणि मोठ्या बोटींवर कायदा खरोखर चालवला, तर प्रवाळ आणि चूल दोन्ही राहतील असं मला ठाम वाटतं. रेषा कोल्हापुरातून, मुंबईतून ओढली की ती त्यांना कुंपण वाटणारच.

मालवणी_पोर, आमच्या वाट्याचं सांगा. आम्ही येतो तेव्हा नेमकं काय बघायचं, काय विचारायचं?

मालवणी_पोर | ९:१५

विचारलांत ता बरां केलांत. माझ्या अनुभवातलं सांगतो.

बोट थांबते तेव्हा बघा, नांगर टाकतात की आधीच पाण्यात बांधलेल्या बोयाला, म्हणजे तरंगत्या गोळ्याला, दोर लावतात. नांगर खडपावर पडून घसटला की एका दिवसात बरंच मोडतं. बोया असेल तिथलीच बोट घ्या. नसेल तर विचारा, "बोया का नाही?" चार गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक लावून घेतो, आमचं सांगणं त्याच्या कानावर पडत नाही पण तुमचं पडतं.

पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यालगत सराव घेतात का ते विचारा. घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. पाव टाकू नका, हात लावू नका, तळाशी उभे राहू नका. शिंपला, प्रवाळाचा तुकडा उचलू नका, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. गाईड स्थानिक आहे का ते बोलता बोलता कळतं. आमच्याकडे कित्येक पोरं मासा कमी झाल्यावर रापण सोडून याच कामात आली. त्यांना पाण्याची खडान्‌खडा माहिती आहे. त्यांना व्हिडिओसाठी टिप देता तशी प्रवाळ सांभाळून नेल्याबद्दल द्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. सुका बांगडा खा. आणि बाकीच्या दिवसांत ताटात बारकी पिल्लं आली तर हॉटेलवाल्याला स्पष्ट सांगा की ही आम्हाला नकोत.

देवबागची_लेक | ९:२८

आणि कालवांची आमटी मिळाली तर भाव न करता घ्या.

रानवाटा_कागल | ९:४०

आमचा ग्रुप डिसेंबरात जाणार आहे. बोया असलेल्या बोटींची नावं इथे जाहीर न टाकता निरोपात पाठवाल का? गर्दीच्या आठवड्यात जायचं नाही असं आजच ठरवलंय, नाताळाच्या आधी येतो.

मालवणी_पोर | ९:५५

पाठवतंय. सकाळी लवकरची वेळ घ्या, पाणी निवळ असतं आणि काकाची होडीही तेव्हाच परत येते. त्याच्याशी तुमची गाठ घालून देतो. अभयारण्याबद्दल तुमचं मत त्यालाच सांगा, तो अर्धा दिवस सोडायचा नाही.